फोन सापडतो, वेग सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीला लागून चौपदरी रस्ता आहे, मध्ये जेमतेम हातभर रुंदीचा दुभाजक. वर्षभरात तिथे रस्ता ओलांडताना दोघांचा जीव गेला. दोघांच्याही हातात मोबाइल होता, असं सगळे सांगतात. लोक झेब्रा सोडून कुठूनही आणि फोनवर बोलत ओलांडतात. रहिवाशांच्या बैठकीत तीन मागण्या पुढे आल्या आहेत: फोनवर बोलत ओलांडणाऱ्याला दंड करा, दुभाजकावर उंच जाळी लावा, किंवा पादचारी पूल बांधा. यातलं आधी काय मागावं?

रस्त्यांची सुरक्षा तपासणी करण्यात माझी बावीस वर्षं गेली. माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत, निदान आधी तरी नकोत. कारणं सांगतो, पण त्याला जरा वेळ लागेल.

फोनपासूनच सुरुवात करू. अपघाताची नोंद कशी होते हे मी जवळून पाहिलंय. मृताच्या हातात किंवा शेजारी फोन मिळतो. तो नोंदीत येतो, बघ्यांच्या तोंडी येतो, दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. गाडी किती वेगात होती हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. टायरचे व्रण असले तरी तासाभरात त्यांच्यावरून शंभर गाड्या जातात. चालक सांगतो तो वेग लिहिला जातो, आणि तो बहुतेक वेळा चाळीसच असतो. वर एक ठरलेलं वाक्य असतं: 'पादचारी अचानक आडवा आला.' आपल्या भाषेत गाडी कधी माणसाला आडवी येत नाही, नेहमी माणूसच गाडीला आडवा येतो. त्यामुळे 'दोघांच्या हातात फोन होता' हे खरं असेलही, पण तेवढ्यावरून फोनमुळे जीव गेला असं ठरत नाही. फोन सापडतो, वेग सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याचा अर्थ फोन निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. अमेरिकेत सिएटल शहरात २० धोकादायक चौकांमध्ये ओलांडणाऱ्या १,१०२ लोकांचं निरीक्षण झालं होतं. जवळपास तिघांतला एक जण ओलांडताना दुसरं काहीतरी करत होता: गाणी ऐकणं, बोलणं, टाइप करणं. टाइप करणाऱ्यांना ओलांडायला सरासरी पावणेदोन ते दोन सेकंद जास्त लागले. सिग्नल न पाळणं, दोन्हीकडे न बघणं अशी एखादी तरी चूक त्यांच्याकडून होण्याची शक्यता जवळपास चौपट निघाली. नंतर अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात फरक आणखी स्पष्ट झाला. स्क्रीनकडे बघणं सर्वांत वाईट. बोलण्याने पाऊल उचलायला थोडा उशीर होतो. नुसत्या गाण्यांचा परिणाम मात्र फारसा दिसला नाही. गाण्यांबद्दलच्या निष्कर्षावर मी फार विसंबणार नाही. जिथे उलट्या दिशेने दुचाकी येतात तिथे कानही डोळ्यांइतकेच उपयोगी असतात.

आणखी एक प्रयोग मला आवडतो. अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या आवारात रंगीबेरंगी कपडे घातलेला विदूषक एकचाकी सायकल चालवत फिरला. तिथून चालत गेलेल्यांना नंतर विचारलं, 'विदूषक दिसला का?' फोनवर बोलणाऱ्यांपैकी जेमतेम पाव लोकांना तो दिसला होता. बाकीच्यांचे डोळे उघडे होते, त्यांनी मानही वर केली असेल. पण बघणं आणि दिसणं यात अंतर असतं, आणि फोनवरचं संभाषण ते अंतर वाढवतं. म्हणून 'मी बोलत असलो तरी दोन्हीकडे बघतो' या युक्तिवादात दम नाही.

तरीही मी दंडाच्या बाजूने का नाही? कारण त्या जादा दोन सेकंदांची किंमत किती हे फोन ठरवत नाही, समोरून येणारी गाडी ठरवते. हिशेब करून बघा. माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो. तुमच्या रस्त्याची एक बाजू ७ मीटर धरली तर ओलांडायला सहा सेकंद लागतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. म्हणजे पाऊल टाकताना ती किमान १०० मीटर लांब हवी. टाइप करत रेंगाळलात आणि एक सेकंद जास्त लागला, तर ११७ मीटर. तीच गाडी ३०ने येत असेल तर ५० मीटर अंतर पुरतं, आणि तुमची चूक झालीच तरी चालकाला ती सावरता येते.

चालकाच्या बाजूने बघा. समोर काहीतरी आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू. ५०च्या वेगात तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ३०च्या वेगात ब्रेक लागून गाडी १८ मीटरच्या आसपास पूर्ण थांबते. म्हणजे २० मीटरवर कुणी रस्त्यात उतरलं, तर ३०ने येणारा चालक शिवी देऊन पुढे जाईल, आणि ५०ने येणारा पूर्ण वेगात धडकेल. माणूस तोच, फोन तोच, चूकही तीच. ५०च्या धडकेत शरीराला बसणारा दणका जवळपास दहा मीटरवरून खाली पडण्याएवढा असतो. ३०ची धडक साडेतीन मीटरवरून पडण्याएवढी. जागतिक आरोग्य संघटना हीच गोष्ट दुसऱ्या आकड्यात सांगते: सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो.

याच संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगभरात रस्त्यांवर ११.९ लाख माणसं मेली. त्यातली ९२ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. मेलेल्यांपैकी २३ टक्के पायी चालणारे होते. एकट्या भारतात २०२२ साली ३२ हजारांहून अधिक पादचारी गेले. श्रीमंत देशांत फोन आपल्याकडच्यापेक्षा कमी नाहीत. फोनमुळेच माणसं मरत असती तर हा ९२चा आकडा असा एकाच बाजूला झुकला नसता.

दंडाचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या होनोलुलू शहराने २०१७ साली ओलांडताना स्क्रीनकडे बघणं गुन्हा ठरवलं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गने उलटा रस्ता धरला. मान खाली घालूनच चालणाऱ्यांना दिसावेत म्हणून जमिनीतच सिग्नलचे दिवे बसवले. हे त्या त्या जागी ठीक आहे, कारण तिथे पदपथ आहे, सिग्नल आहे, आणि गाडी लाल दिव्याला थांबते. बाकी सगळं जागेवर असताना उरलेली एक फट बुजवायचा तो प्रयत्न होता. जिथे पदपथच गायब आहे तिथे पोलिसाला पावतीपुस्तक देऊन काय होईल? दंड भरणारा पायी चालणारा असेल, गाडीवाला तसाच सुटेल. पायी चालणाऱ्याला दोषी धरण्याची ही तऱ्हा जुनी आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी मोटारी वाढल्या तेव्हा रस्त्यात चालणाऱ्यांना 'जेवॉकर' म्हणू लागले. 'जे' म्हणजे बोलीभाषेत गावंढळ. मोटारवाल्यांच्या संघटनांनी तो शब्द रुजवला आणि मग कायद्यात आणला. आता तिथल्याच कॅलिफोर्नियाने २०२३पासून अशा ओलांडण्याला, धडकेचा तात्काळ धोका नसेल तर, दंड करणं थांबवलं आहे.

आता 'लोक कुठूनही ओलांडतात' या तक्रारीकडे येऊ. मी नवख्या अभियंत्यांना पहिल्या दिवशी एकच काम देतो. रस्त्याच्या कडेला तासभर बसा आणि कोण कुठून ओलांडतं ते नकाशावर रेघ मारून नोंदवा. तासाभराने कागदावर बेशिस्त दिसत नाही, आठ-दहा ठळक वाटा दिसतात. बसथांब्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत, शाळेच्या फाटकापासून रिक्षाथांब्यापर्यंत. शेतात पायवाट पडते तशीच ती रस्त्यावर पडते, फक्त डांबरावर उमटत नाही. झेब्रा त्या वाटेवर नसेल तर चूक झेब्र्याची आहे.

वाहतूक तुटतच नसेल तर लोक काय करतात तेही नीट बघा. सगळा रस्ता मोकळा व्हायची वाट कुणी बघत नाही, बघितली तर संध्याकाळ होईल. माणूस वाहनांचा एक पट्टा, म्हणजे लेन, मोकळा झाला की उतरतो, पट्ट्यावर उभा राहतो, दुसरा मोकळा झाला की पुढे सरकतो. आमच्यात याला 'रोलिंग गॅप' म्हणतात. सोबतीला हाताचा तळवा दाखवणं आणि चालकाच्या डोळ्याला डोळा भिडवणं. व्हिएतनामच्या शहरांत हजारो दुचाक्यांच्या लोंढ्यात लोक असेच शिरतात. न थांबता, न पळता, एकाच संथ चालीने. दुचाकीस्वारांना त्यांच्या चालीचा अंदाज येतो आणि लोंढा दोन्ही बाजूंनी फुटून जातो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण तिथे ते चालतं, कारण लोंढा २०–२५च्या वेगाने वाहत असतो. हीच कला सहापदरी हायवेवर ट्रकसमोर करायला जाल तर ती शेवटची ठरेल.

इथेच फोनची खरी मेख आहे. या पद्धतीने ओलांडायचं तर प्रत्येक पावलाला नवा अंदाज बांधावा लागतो. सिग्नलवर ओलांडणाऱ्याला एकदाच निर्णय घ्यायचा असतो, 'रोलिंग गॅप'मध्ये चार वेळा. त्यामुळे विचलित माणसाला आपल्याकडचा रस्ता जास्त महागात पडतो. शिवाय फोनवर असलेला माणूस स्वतः गाड्या बघतच नाही, शेजारचा निघाला की निघतो. पहिल्या माणसाने बरोबर वेळ साधलेली असते. त्याच्यामागे तिसरा-चौथा जो निघतो, त्याच्यासाठी ती वेळ उरलेली नसते. घोळक्याच्या शेपटाला धडक बसल्याची प्रकरणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पादचारी पुलाबद्दल मी जरा कडवट बोलतो, ते माफ करा. पूल मागितला की पुढाऱ्याला आवडतो, कंत्राटदाराला आवडतो, आणि फलकावर नाव लिहायला जागा मिळते. खालून उंच वाहनं जायची म्हणून पुलाला साडेपाच मीटरच्या वर मोकळी उंची लागते. तुळईची जाडी धरून चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. सहा सेकंदांच्या दोन टप्प्यांसाठी दोन-तीन मिनिटं. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये यावर अभ्यास झाला. पुलावरून आणि रस्त्यावरून सारखाच वेळ लागत असेल तर सुमारे ७० टक्के लोक पूल वापरतात, दीडपट लागत असेल तर जवळपास कुणीच नाही. तुर्कस्तानात अंकारामध्ये काही पुलांची मोजणी झाली, तिथे वापर ६ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत निघाला. म्हणजे सर्वांत चांगल्या पुलाखालूनही तिघांतला एक जण रस्त्यावरूनच जात होता. आजीला गुडघ्यांमुळे तो चढवत नाही, व्हीलचेअरवाल्याचा प्रश्नच नाही, आणि अंधार पडल्यावर एकटी बाई त्यावर पाय ठेवत नाही. वर पूल झाला म्हणून खाली गाड्या आणखी जोरात धावतात. पूल योग्य ठरतो तो खरोखरच्या द्रुतगती मार्गावर किंवा रेल्वेवर, आणि रस्ता मुळात खोलगट भागातून जात असेल तिथे. वस्तीतल्या चौपदरी रस्त्यावर नाही.

जाळीचंही तसंच. जाळी वाकवून आठवड्यात भोक पडतं, किंवा लोक तिच्यावरून चढतात. जाळीवर चढलेला माणूस उतरतो तो थेट वेगवान पट्ट्यात, पाठ गाडीकडे करून. जवळच, पन्नास-पाऊणशे मीटरच्या आत, ओलांडायची चांगली जागा दिली असेल तर थोडी जाळी वळण लावते. नुसती जाळी लावली तर तोच माणूस ती ओलांडून जातो, फक्त जास्त धोक्याने.

मग झेब्रा तरी रंगवून घ्यावा? थांबा. अमेरिकेत तीस शहरांतल्या हजार रंगवलेल्या आणि हजार न रंगवलेल्या जागांची तुलना झाली होती. दोन पट्ट्यांच्या रस्त्यांवर फरक दिसला नाही. पण अनेक पट्ट्यांचा, मध्ये उंच दुभाजक नसलेला, दिवसाला १२ हजारांच्या वर गाड्यांचा रस्ता असेल, तर नुसता झेब्रा रंगवलेल्या ठिकाणी अपघात जास्त निघाले. कारण बघा. पहिल्या पट्ट्यातली गाडी सज्जनपणे थांबते. माणूस हात हलवून आभार मानतो आणि पुढे पाऊल टाकतो. त्या थांबलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या पट्ट्यात येणाऱ्याला तो दिसतच नाही. थांबलेली बस असेल तर भिंतच उभी राहिली म्हणा. म्हणूनच गाड्यांनी थांबायची रेषा झेब्र्याला चिकटून नको, सहा-सात मीटर मागे हवी, आणि रंगाच्या जोडीला गाड्यांचा वेग पाडणारं काहीतरी हवंच.

आता मागा काय ते सांगतो.

सगळ्यांत आधी वेग. घानामध्ये आक्रा–कुमासी हायवेवर सुहुम नावाच्या चौकात २००० सालच्या सुमारास रंबलर (गाडी खडखडवणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि गतिरोधक बसवले. अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू ५५ टक्क्यांनी कमी झाले. कॅमेरा नाही, पोलीस नाही, नुसते उंचवटे. टांझानियात दार-ए-सलामच्या शाळांभोवती एका संस्थेने असंच साधं काम केलं. शाळेच्या फाटकापर्यंत पदपथ, गतिरोधक, खांब, झेब्रा, फाटकाची जागा बदलणं. मुलांच्या जखमांचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटलं आणि त्या कामाला २०१९ साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोलंबियात बोगोता शहराने मोठ्या रस्त्यांवरची मर्यादा ५०वर आणली, तिथे त्या रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाले. याच बोगोतामध्ये १९९५च्या सुमारास महापौर आंतानास मोकुस यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलावंत उभे केले होते. झेब्र्यावर गाडी घालणाऱ्याची ते हसतखेळत नक्कल करायचे. लोकांना लाज वाटावी अशी शिक्षा ती. शिस्तीचा आग्रह धरायचाच तर मला तो असा आवडतो, आणि त्यात लक्ष्य चालकही होते हे विसरू नका.

तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती उंचावलेल्या झेब्र्याला, आमच्यात टेबलटॉप म्हणतात त्याला. पदपथाच्या पातळीवर रुंद सपाट उंचवटा, दोन्हीकडे उतार. माणूस खाली उतरत नाही, गाडीला मात्र वर चढावं लागतं. कोण कुणाच्या घरात आलंय हे न बोलता कळतं. त्याच्या आधी सूचनाफलक आणि रंबलर हवेतच, नाहीतर रात्री दुचाकीवाले त्यावरून उडतील. गतिरोधक घातला आणि रंगवला नाही, हा गुन्हा मी जागोजागी पाहिला आहे.

दुसरी मागणी मधल्या थांब्याची. तुमचा दुभाजक हातभर आहे, त्यावर माणूस तिरका उभा राहतो आणि आरसे त्याच्या कोपराला घासून जातात. तिथे दोन मीटर रुंदीची, पायरी नसलेली उभं राहायची जागा करून घ्या. जागा नाही असं सांगतील. वाहनांचे पट्टे साडेतीन मीटरचे असतील तर ते तीन मीटरवर आणा, चार पट्ट्यांतून दोन मीटर तिथेच निघतात, आणि अरुंद पट्ट्यात गाड्याही आपोआप हळू होतात. थांबा नसेल तर माणसाला पंधरा मीटर एका दमात ओलांडायचे, म्हणजे तेरा सेकंद लागतात. ६०च्या गाडीसाठी ते अंतर २१० मीटर होतं. दोनशे मीटरवरून गाडी ४०ने येतेय की ७०ने, हे कुणालाही सांगता येत नाही. लहान मुलांना तर जवळूनही नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वर वेगाने थेट समोरून येणारी गाडी आपल्याकडे येतेय हेच प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या नजरेला खात्रीने कळत नाही, असं लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. पोराला 'नीट बघून जा' म्हणणं गरजेचं आहे, पण ते त्याच्या डोळ्यांच्या आवाक्यातलं असतंच असं नाही.

सिग्नल मागायचा असेल तर एक अट घाला. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत हिरवा मिळाला पाहिजे. तीस सेकंदांच्या पुढे थांबावं लागलं की पादचाऱ्याचा धीर सुटतो, हे वाहतूक अभियांत्रिकीच्या हस्तपुस्तकात लिहिलेलं आहे. आपल्याकडे तीन-तीन मिनिटांची फेरी ठेवायची आणि लोक लाल दिव्यात धावतात म्हणून बोटं मोडायची. थांबायचा कंटाळा आला की हात खिशात जातो आणि फोन बाहेर येतो, हेही आलंच. हिरव्याची लांबी ठरवताना १.२ मीटरची चाल धरू नका, म्हातारी माणसं सेकंदाला ०.८ मीटरही चालतात. सात मीटरला त्यांना नऊ सेकंद लागतात.

बसथांबा झेब्र्याच्या अलीकडे असेल तर पलीकडे हलवा. उतरलेला प्रवासी बसच्या पुढून ओलांडतो आणि बसच त्याला झाकते. हे काम फुकटात होतं आणि तरी होत नाही.

दिवा. अंधारात पादचाऱ्याला गाडीचे दिवे लख्ख दिसतात, म्हणून त्याला वाटतं आपणही तेवढेच दिसतो. तसं नसतं. मंद झोतात गडद कपड्यांतला माणूस फार जवळ आल्याशिवाय दिसत नाही. ओलांडायच्या जागेवर दिवा नेमका माथ्यावर नको, थोडा आधी, येणाऱ्या गाडीच्या बाजूला हवा, म्हणजे माणसाची समोरची बाजू उजळते.

हे सगळं व्हायला महिने जातील. तोवर तुम्हाला रोज ओलांडायचंच आहे, तर काही गोष्टी सांगतो. फोन खिशात ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण कुणी ठेवत नाही. बोलणं संपेपर्यंत पदपथावरच थांबा, किंवा समोरच्याला 'एक मिनिट' म्हणा. एक कान मोकळा ठेवा. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघा. शेजारी निघाला म्हणून निघू नका. पहिल्या पट्ट्यातली गाडी तुमच्यासाठी थांबली तर तिच्या टोकाशी पोचल्यावर थांबा, डोकं पुढे काढून दुसरा पट्टा बघा, मगच जा. अर्ध्यात आल्यावर मागे वळू नका. चालकाने तुमच्या पुढच्या चालीचा अंदाज बांधलेला असतो, माघार घेतली की तो चुकतो. मुलाचं मनगट धरा, बोट नको, बोट सुटतं. रात्री चमकणारी पट्टी लावायची असेल तर छातीपेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावा. हलणारे पाय दिसले की चालकाला 'हा माणूस आहे' हे लवकर ओळखू येतं.

अर्ज करताना 'लोक मरत आहेत, काहीतरी करा' असं लिहू नका, त्याच्यावर शेरा मारून कागद फिरत राहतो. आकडे द्या. रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करा. गाडी पहिल्या खुणेवरून दुसरीवर यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. तीन सेकंद म्हणजे ६०, साडेचार म्हणजे ४०, सहा म्हणजे ३०. मोकळ्या वाहतुकीच्या वेळी अशा शंभर गाड्या मोजा, उतरत्या वेगाने मांडा आणि वरून सोळावी बघा. पंच्याऐंशी टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात तो साधारण तिचा वेग. अभियंता तोच आकडा विचारतो. मग गर्दीच्या तासाला किती जण ओलांडले, किती कुठून, सरासरी किती सेकंद थांबावं लागलं, म्हातारे आणि मुलं किती, याची नोंद करा. किती पादचाऱ्यांच्या हातात फोन होता तेही मोजा, त्याच तासात फोन कानाला किंवा हेल्मेटमध्ये खोचून गेलेले चालक किती तेही मोजा. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याच्या हातून अपघात व्हायची शक्यता चौपट असते. हे दोन आकडे अर्जात शेजारी शेजारी लिहा.